बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन (२०१६): कापलेला अर्धा तास आणि दहा वर्षांचं भांडण

कातरवाला | ७ फेब्रुवारी २०२६, रात्री ११:५२

येत्या २५ मार्चला 'बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन: डॉन ऑफ जस्टिस'ला दहा वर्षं होतील. या सिनेमावरून प्रेक्षक जेवढे भांडले तेवढे त्यातले दोन नायकसुद्धा भांडलेले नाहीत. मी पोटापाण्यासाठी मालिका एडिट करतो, त्यामुळे माझं म्हणणं एडिटिंगच्या टेबलावरून मांडतोय. पटलं नाही तर झोडा.

पार्श्वभूमी पटापट उरकतो. जून २०१३ मध्ये झॅक स्नायडरचा 'मॅन ऑफ स्टील' आला. ६६ कोटी डॉलरच्या वर धंदा केला, पण शेवटी सुपरमॅनचं शहर मेट्रोपोलिस अर्धं जमीनदोस्त झालं आणि सुपरमॅनने खलनायक झॉडची मान मोडली, यावरून बोंबाबोंब झाली. पुढच्याच महिन्यात सॅन डिएगोच्या कॉमिक-कॉनमध्ये हॅरी लेनिक्सने स्टेजवर येऊन फ्रँक मिलरच्या कॉमिकमधला एक संवाद वाचला, पडद्यावर बॅटमॅन-सुपरमॅनची चिन्हं एकमेकांत मिसळली आणि पोरांनी हॉल डोक्यावर घेतला. ऑगस्टमध्ये बॅटमॅन म्हणून बेन अ‍ॅफ्लेकचं नाव जाहीर झालं, त्याला काढा म्हणून ऑनलाइन अर्ज फिरले, हजारोंनी सह्या ठोकल्या. हे सगळं पटकथा पुरी व्हायच्या आधी! डेव्हिड गॉयरचा खर्डा होता, तो नव्याने लिहायला ख्रिस टेरिओ आला तो वर्षाच्या शेवटाला. प्रदर्शनाची तारीखही जुलै २०१५ वरून मे २०१६ वर गेली, तिथे प्रतिस्पर्धी मार्व्हलचा सिनेमा आडवा आला, मग मार्च २०१६ वर आली. बारसं आधी आणि बाळ नंतर, असा कारभार.

आता मुद्दा. थिएटरमध्ये आपण पाहिला तो १५१ मिनिटांचा. त्याच वर्षी उन्हाळ्यात घरी बघायला आलेली 'अल्टिमेट एडिशन' १८२ मिनिटांची. हा अर्धा तास 'वगळलेले सीन' म्हणून डीव्हीडीच्या शेपटाला लावतात तसला नाही. त्या अर्ध्या तासात सिनेमातल्या प्रत्येक 'का'चं उत्तर आहे.

नायरोमीचा प्रसंग घ्या. आफ्रिकेतल्या त्या गावात आपल्या प्रेयसीला, पत्रकार लोइसला वाचवायला सुपरमॅन येतो आणि नंतर तिथल्या मृत्यूंचं खापर त्याच्यावर फुटतं. थिएटरवाल्या आवृत्तीत आपण भाडोत्री सैनिकांना गोळ्या झाडताना बघतो. मग प्रश्न पडतो की ज्याच्या हातात कधी बंदूक नसते त्याला गोळ्यांचा जाब कसला विचारताय? मोठ्या आवृत्तीत ते सैनिक मृतदेह जाळतात. जळालेले देह म्हणजे सुपरमॅनच्या डोळ्यांतली आग. सिनेटपुढे साक्ष देणारी बाई खलनायक लेक्स लूथरच्या माणसांनी धमकावून, पढवून आणलेली असते, ती पुढे सिनेटर फिंचकडे कबुलीही देते आणि नंतर तिला रेल्वेखाली ढकलतात. हे सगळं गायब केलं की लेक्सचा कट उरतच नाही, उरतो तो एक चिडचिडा श्रीमंत पोरगा.

दुसरं, क्लार्क केंट, म्हणजे पत्रकार म्हणून वावरणारा सुपरमॅन. मोठ्या आवृत्तीत तो बॅटमॅनच्या गॉथम शहरात जाऊन, लोकांशी बोलून बॅटमॅनची बातमी काढतो. म्हणजे पत्रकारासारखा वागतो. छोट्या आवृत्तीत त्याला बॅटमॅनचा एवढा राग का, ते कळायला मार्ग नाही.

आणि माझा सगळ्यात लाडका कापलेला तुकडा. कॅपिटॉलमध्ये व्हीलचेअरमध्ये बॉम्ब फुटतो. ज्याची ती खुर्ची, त्या वॉलेस कीफच्या घरी लोइस जाते. टेबलावर नुकताच आणलेला किराणा पडलेला असतो. आज मरायचं ठरवलेला माणूस आठवड्याचं सामान भरत नाही! एका शॉटमध्ये कळतं की कीफला बॉम्बचा पत्ताच नव्हता. लगोलग हेही कळतं की खुर्चीला आतून शिसं लावलं होतं, म्हणून सुपरमॅनला आरपार दिसलं नाही. हा काढून टाकला आणि मग जगभरचे समीक्षक विचारत बसले, 'सुपरमॅनला बॉम्ब दिसला कसा नाही?'

असं का कापतात तेही सांगतो. वरून निरोप येतो, 'तीस मिनिटं कमी करा.' तीन तासांच्या सिनेमाचे दिवसाला शो कमी बसतात, हिशेब सरळ आहे. आता टाइमलाइनवर काय काय आहे? व्हीएफएक्सचे (संगणकी करामतींचे) शॉट, ज्यांचे पैसे मोजून झालेत, त्यांना कोण हात लावणार? ट्रेलरमध्ये गेलेलं काढता येत नाही. पुढच्या सिनेमांची जाहिरात करणारे तुकडे काढता येत नाहीत, ते तर मालकांचे लाडके. उरतात दोन माणसं खोलीत बोलताहेत असले सीन. स्वस्त, म्हणून पहिला बळी त्यांचा. आम्ही मालिकेतसुद्धा हेच करतो, फक्त आमच्याकडे सासू उद्याच्या भागात सगळं परत सांगते, म्हणून निभावतं.

खुद्द टेरिओने २०२१ मध्ये 'व्हॅनिटी फेअर'ला दिलेल्या मुलाखतीत हेच गाऱ्हाणं मांडलं होतं: माझ्या 'आर्गो'मधून अर्धा तास काढला असता तर त्याचाही काही अर्थ लागला नसता. त्या पटकथेला ऑस्कर मिळालंय, हे लक्षात घ्या.

सांगलीची हळद | ८ फेब्रुवारी, सकाळी ७:१५

दादा, लेख झकास. पण मी सिनेमा जिथे बघितला तिथली हकीकत ऐका.

धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी, गुड फ्रायडेची सुट्टी. कानामागचा हिरवा रंग अजून निघाला नव्हता. सिंगल स्क्रीन, हिंदी डब. त्याच शुक्रवारी आपल्या निशिकांत कामतचा 'रॉकी हँडसम' लागलेला, निम्मी गँग तिकडे गेली, आम्ही इकडे. पब्लिक शिट्ट्या तयार ठेवून बसलं होतं. तासभर झाला तरी वाजवायला जागा मिळेना! सुपरमॅन आगीतून पोरीला वाचवतो, लोक त्याच्या अंगाला हात लावायला झुंबड करतात आणि ह्याचा चेहरा मयताला आल्यासारखा. माझ्या पुढच्या रांगेत एका पोराने बापाला विचारलं, 'पप्पा, यातला चांगला कोण?' बापाने पॉपकॉर्न पुढे केलं.

तुमचा अर्धा तास घातला तर सिनेमाला अर्थ येईल, मान्य. पण त्या पोराचा प्रश्न तसाच राहील.

मृण्मयी कॉमिक्सवाली | ८ फेब्रुवारी, सकाळी १०:०३

हळद +१. कातरवाला, एडिटिंगचं सगळं पटलं, तरी खोट मुळातच आहे असं मला वाटतं.

या सिनेमाने दोन कॉमिक्स एकत्र कोंबली. एक फ्रँक मिलरचं 'द डार्क नाइट रिटर्न्स' (१९८६), दुसरं 'द डेथ ऑफ सुपरमॅन' (१९९२). मिलरचा बॅटमॅन पंचावन्न वर्षांचा, दहा वर्षं निवृत्त होऊन दारूत बुडालेला. तो सुपरमॅनवर हात उचलतो तेव्हा वाचकाने या दोघांची चाळीस-पन्नास वर्षांची दोस्ती वाचलेली असते. म्हणून ती मारामारी काळजाला लागते. डूम्सडे या राक्षसाच्या हातून सुपरमॅन मेला तेव्हाही तेच, ज्याला लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या रोज बघितलं तो गेला, म्हणून अमेरिकेत दुकानांबाहेर रांगा लागल्या.

इथे अ‍ॅफ्लेकचा बॅटमॅन आपल्याला पहिल्यांदाच भेटतोय आणि आल्या आल्या खवळलेला आहे. हेन्री कॅव्हिलचा सुपरमॅन एका सिनेमाचा, दुसऱ्यात मेला. दोस्ती कधी झालीच नाही तर दोस्ती तुटल्याचं दुःख कुठून आणणार? मार्व्हलने आपल्या दोन नायकांना लढवलं ते त्याच वर्षी मे महिन्यात, पण त्याआधी आठ वर्षं ती माणसं आपल्या ओळखीची करून दिली होती. वॉर्नर स्टुडिओला आठ वर्षांचं काम अडीच तासांत उरकायचं होतं.

आणि बॅटमॅन माणसं मारतो! बॅटमोबिलच्या पाठलागात गाड्या चिरडतो, विमानाला तर चक्क मशीनगन आहे. हे मी कधीही माफ करणार नाही, कितीही तासांची आवृत्ती काढा.

कातरवाला | ८ फेब्रुवारी, दुपारी १:२०

मृण्मयीताई, तो मारतो, आणि सिनेमाला ते माहीत आहे. त्याचा जुना नोकर आल्फ्रेड तोंडावर सांगतो की असल्या संतापातूनच चांगली माणसं क्रूर होतात. काचेत त्याच्या साथीदाराचा, रॉबिनचा पोशाख टांगलाय, त्यावर जोकरने रंगाने फराटे ओढलेत. वीस वर्षं गुन्हेगारांशी लढून हाती काही लागलेलं नाही, असा हा बॅटमॅन आहे. तो बरोबर आहे असं सिनेमा म्हणत नाही, तो वाया गेलाय असं म्हणतो.

सुरुवातीची पाच-सात मिनिटं परत बघा. 'मॅन ऑफ स्टील'चा तोच शेवट, फक्त यावेळी जमिनीवरून. वर आकाशात दोन देव भांडताहेत आणि खाली ब्रूस वेन, म्हणजे बॅटमॅनच, कोसळणाऱ्या इमारतीच्या धुळीच्या लोटात शिरतोय. बाकीचे सगळे बाहेर पळताहेत, हा आत पळतोय. आधीच्या सिनेमावरच्या टीकेला कुणी दिग्दर्शक इतक्या सरळ भिडलाय, असं मला तरी दुसरं उदाहरण आठवत नाही. लॅरी फाँगचा कॅमेरा तिथे जे करतो ते...जाऊ दे, मी सुरू झालो की थांबत नाही.

तुमचा दोस्तीचा मुद्दा मात्र बिनतोड आहे.

डिट्रॉइटकर | ८ फेब्रुवारी, रात्री ९:४४ (भारतीय वेळ)

धागा बघून राहवलं नाही. मी मिशिगनमध्ये राहतो, मोटारींच्या धंद्यात आहे. २०१४ च्या उन्हाळ्यात हा सिनेमा आमच्या दारात बनत होता.

तेव्हाची परिस्थिती आधी सांगतो. जुलै २०१३ मध्ये डिट्रॉइट शहराने दिवाळखोरीचा अर्ज केला होता. पथदिवे बंद, घरं ओस. आणि मे २०१४ मध्ये तिथे गॉथम आणि मेट्रोपोलिस उभारायला हॉलिवूड आलं. डाउनटाउनचे रस्ते बंद, ऑफिसला जाताना रोज नवा वळसा. कितीतरी वर्षं ओसाड पडलेलं मिशिगन सेंट्रल रेल्वे स्टेशनसुद्धा वापरलं. पडकेपणासाठी कला विभागाला तिथे फार कष्ट पडले नसणार! (आता फोर्डने ते स्टेशन नवंकोरं केलंय, २०२४ ला परत उघडलं. पाहुणे आले की आम्ही दाखवायला नेतो.)

लेक्स लूथरची पार्टी होते ती तिरप्या स्टीलच्या पट्ट्यांची इमारत आठवते? ते ईस्ट लान्सिंगचं ब्रॉड आर्ट म्युझियम, झाहा हदीदने केलेलं. आमच्या लेकीची शाळेची सहल तिथे गेली तर पोरं चित्रं सोडून 'इथे बॅटमॅन उभा होता' करत फिरत होती.

आता पैशाचं. मिशिगनने या सिनेमाला साडेतीन कोटी डॉलरची सवलत मंजूर केली, राज्यात १३.१ कोटी खर्च करणार या बोलीवर. दिवाळखोर शहर असलेल्या राज्याने सुपरमॅनला पैसे द्यावेत का, यावर इथे घरोघरी वाद. सिनेमा पडद्यावर येण्याच्या आधीच, २०१५ च्या जुलैमध्ये, गव्हर्नरने ती योजनाच गुंडाळली. गव्हर्नरचं नाव काय, तर रिक स्नायडर! एका स्नायडरने आणलं, दुसऱ्याने घालवलं. नातं काही नाही हो त्यांचं.

तुम्ही सगळे 'वारसा' म्हणजे इंटरनेटवरची भांडणं धरून बसलात. इथे कॅमेऱ्याच्या गाड्या, सुतार, दिवे लावणारे, त्यांनी जॉर्जिया राज्याची वाट धरली. माझ्या शेजारचा सेटवरचा सुतार अटलांटाला गेला तो तिकडचाच झाला.

फटकळ_फणी | ८ फेब्रुवारी, रात्री १०:३०

एवढं सगळं लिहिलंत आणि मार्थाचं नाव कुणी काढेना. मी काढते.

दोन जण जीव जाईस्तोवर लढतात, एकाच्या आईचं नाव मार्था, दुसऱ्याच्या आईचं नावही मार्था, झालं, दोस्त! आमच्या शाळेत एका वर्गात चार सुनीताची पोरं होती, दर मधल्या सुट्टीत मारामारी व्हायची.

सांगलीची हळद | ८ फेब्रुवारी, रात्री १०:३४

😂😂 आमच्या थेटरात तिथेच पहिली शिट्टी पडली. चुकीच्या कारणासाठी पडली, पण पडली.

कातरवाला | ८ फेब्रुवारी, रात्री ११:१०

फणीताई, हसा, सगळे हसतात. पण सीन बघा. ब्रूसच्या हातात क्रिप्टोनाइटचा, म्हणजे सुपरमॅनला दुबळा करणाऱ्या खड्याचा भाला आहे, पाय सुपरमॅनच्या गळ्यावर. दीड वर्ष त्याने स्वतःला एकच गोष्ट पटवलीय, की हा माणूस नाही, परका प्राणी आहे. आणि तो प्राणी मरताना स्वतःचा जीव मागत नाही, 'मार्थाला वाचव' म्हणतो. ब्रूसचा बाप मरताना हेच नाव उच्चारून गेला. ते सिनेमाच्या पहिल्याच प्रसंगात आहे, मोत्यांच्या माळेसकट. म्हणजे त्या क्षणी पिस्तूलवाला गुंड कोण आणि गल्लीत पडलेला बाप कोण? ब्रूस स्वतःच तो गुंड झालाय. भाला नावामुळे पडत नाही, यामुळे पडतो.

आईच्या नावावर अख्खा हिंदी सिनेमा उभा आहे आणि आपण मार्थाला हसतो, याची गंमत वाटते.

फटकळ_फणी | ८ फेब्रुवारी, रात्री ११:१८

इतकं समजावून सांगावं लागतं तिथेच सीन पडला ना राव. सुपरमॅन 'माझी आई' म्हणाला असता तर? स्वतःच्या आईला नावाने हाक मारणारा मुलगा मी तरी पाहिला नाही, अमेरिकेतसुद्धा. लेखकाला जुळवाजुळव करायची होती म्हणून बिचाऱ्याला नाव घ्यायला लावलं.

मृण्मयी कॉमिक्सवाली | ८ फेब्रुवारी, रात्री ११:२५

कल्पना सोन्यासारखी, संवाद पितळेचा. दोघांच्या आयांची नावं कॉमिक्समध्ये कितीतरी दशकं सारखी आहेत आणि पडद्यावर त्याचा उपयोग करायचं आधी कुणाला सुचलं नव्हतं. ते श्रेय द्यायलाच हवं. पण फणीचं 'माझी आई' जास्त चांगलं आहे.

बापूकाका दादरवाले | ९ फेब्रुवारी, पहाटे ५:४०

तरुण मंडळी, जुनं माणूस बोलतंय, सांभाळून घ्या.

क्रिस्टोफर रीव्हचा 'सुपरमॅन' (१९७८) आम्ही फोर्टातल्या थेटरात बघितला. माणूस उडू शकतो यावर तेव्हा खरंच विश्वास बसला होता. तुमच्या 'कापलेल्या आवृत्ती'च्या भांडणाचं मूळ तिथे आहे, ते कुणाला ठाऊक दिसत नाही म्हणून लिहितो.

रिचर्ड डोनरने पहिला आणि दुसरा भाग एकदमच चित्रित करायला घेतला होता. दुसऱ्याचं बरंचसं काम झालं असताना साल्काइंड या निर्मात्या बापलेकांशी त्याचं बिनसलं आणि पहिला भाग तुफान चालूनसुद्धा त्याला नारळ दिला. रिचर्ड लेस्टरला आणला, त्याने बरेच प्रसंग नव्याने घेतले, विनोद पेरला. मार्लन ब्रँडोचे झालेले शॉट पैशांच्या वादातून वापरलेच नाहीत. सिनेमा १९८० ला आला, चालला. पण चाहते वर्षानुवर्षं स्टुडिओकडे तगादा लावत राहिले आणि २००६ मध्ये डोनरची आवृत्ती डीव्हीडीवर निघाली, ब्रँडोसकट.

स्टुडिओ कुठला? वॉर्नरच. मधोमध दिग्दर्शक बदलणं, दुसऱ्याकडून विनोद घालून घेणं आणि पुढे चाहत्यांनी मूळ आवृत्ती मागणं, हे सगळं त्यांच्या घरात आधी होऊन गेलं होतं. तरी चाळीस वर्षांनी स्नायडरच्या पुढच्या सिनेमाच्या, 'जस्टिस लीग'च्या वेळी तेच केलं.

आणखी एक. अ‍ॅफ्लेक बॅटमॅन व्हायच्या आधी २००६ च्या 'हॉलिवूडलँड'मध्ये जॉर्ज रीव्ह्ज झाला होता. रीव्ह्ज म्हणजे पन्नाशीच्या दशकातला टीव्हीवरचा सुपरमॅन. म्हणजे हा गडी दोन्हीकडून खेळलाय. बिचाऱ्याचं काम त्यात फार चांगलं होतं, ते कुणी बघितलं नाही.

नेत्रा_नळस्टॉप | ९ फेब्रुवारी, सकाळी ११:३२

बापूकाका, दंडवत. हा प्रतिसाद धाग्याच्या वर डकवला पाहिजे.

पुढचं मी लिहिते, कारण त्या काळात मी स्नायडरची मूळ आवृत्ती मागणाऱ्या चळवळीत होते.

'बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन'ने पहिल्या तीन दिवसांत अमेरिकेत १६.६ कोटी डॉलर कमावले आणि दुसऱ्या आठवड्यात कमाई ६९ टक्क्यांनी आपटली. जगभरात ८७ कोटी, खर्च २५ कोटी आणि वर जाहिरातीचा. दुसऱ्या कुठल्याही सिनेमाला हे यश म्हटलं असतं, पण जगातले सगळ्यात मोठे दोन नायक एकत्र आणून शंभर कोटींचा आकडा गाठला नाही म्हणून वॉर्नरमध्ये घबराट. अ‍ॅफ्लेकचा मुलाखतीतला तो पडेल चेहरा, त्याला कुणीतरी उदास गाणं जोडलं, तो व्हिडिओ तर सिनेमापेक्षा जास्त लोकांच्या लक्षात आहे.

'जस्टिस लीग'चं चित्रीकरण मात्र एप्रिल २०१६ मध्येच सुरू होणार होतं. म्हणजे आधीच्या सिनेमाची राख गरम असताना. सूर बदला, हलकं करा, असं सुरू झालं. मार्च २०१७ मध्ये स्नायडरची मुलगी ऑटम हिने आयुष्य संपवलं. मे महिन्यात तो सिनेमातून बाहेर पडला. त्याच्या जागी जॉस व्हेडनने फेरचित्रीकरण केलं. कॅव्हिलला दुसऱ्या सिनेमासाठी मिशी होती, ती काढायची परवानगी नव्हती, म्हणून संगणकावर पुसली. तो ओठ बघून मी थिएटरात तोंड झाकून घेतलं होतं. सिनेमा बरोब्बर १२० मिनिटांचा. कातरवाल्यांच्या भाषेत, 'वरून निरोप'.

तिथून #रिलीजदस्नायडरकट, म्हणजे स्नायडरची आवृत्ती दाखवा. लोक म्हणतात ट्रोलांची टोळी. त्यातले काही होतेच, समीक्षकांच्या आणि स्टुडिओतल्या लोकांच्या मागे हात धुऊन लागणारे, आयाबहिणींवर जाणारे. २०२२ मध्ये 'रोलिंग स्टोन'ने छापलं की त्या गदारोळात खोटी खातीही मोठ्या प्रमाणात होती. हे लपवायचं कारण नाही. पण त्याच लोकांनी ऑटमच्या नावाने आत्महत्या रोखण्याचं काम करणाऱ्या अमेरिकन संस्थेसाठी लाखो डॉलर उभे केले. दोन्ही एकाच हॅशटॅगखाली झालं. मी पहिल्या प्रकारच्या लोकांना ब्लॉक करत होते आणि दुसऱ्या प्रकारच्या लोकांबरोबर पैसे भरत होते. एवढं सुटसुटीत नव्हतं ते, बाहेरून वाटतं तसं.

१८ मार्च २०२१ ला ती आवृत्ती आली. २४२ मिनिटं, चौकोनी पडदा, वर सात कोटी डॉलरचा खर्च. आपल्याकडेही त्याच दिवशी भाड्याने बघायला मिळाली. कोविडची दुसरी लाट अंगावर येत होती, मी आणि भाऊ दोघं दोन शहरांत, फोन चालू ठेवून एकदम प्ले दाबलं. सायबॉर्ग या नायकाचा बाप-लेकाचा धागा व्हेडनच्या सिनेमात जवळजवळ नव्हताच! तो बघून भाऊ म्हणाला, 'म्हणजे या पोराचा सिनेमा होता हा.'

पेरूची_फोड | ९ फेब्रुवारी, दुपारी १२:०५

स्नायडरभक्त जमले. चार तासांचा स्लो मोशन. नॉर्मल स्पीडला चालवला तर दीड तासात संपेल. मार्व्हल झिंदाबाद.

नेत्रा_नळस्टॉप | ९ फेब्रुवारी, दुपारी १२:११

आला का. वॉर्नरच्याच 'सुसाइड स्क्वाड'च्या वेळी रेटिंगची साइट बंद करा म्हणून अर्ज करणारे आणि तुम्ही एकाच शाळेतले.

पेरूची_फोड | ९ फेब्रुवारी, दुपारी १२:१३

ताई, निदान आमचे सिनेमे पूर्ण करून दाखवतात, हप्त्याने नाही.

संपादक | ९ फेब्रुवारी, दुपारी १२:४०

पुढचे अकरा प्रतिसाद उडवले आहेत. सिनेमावर बोला, एकमेकांच्या शाळेवर नको.

डिट्रॉइटकर | ९ फेब्रुवारी, रात्री ८:१५

संगीताचं कुणीच बोललं नाही. हान्स झिमर आणि जंकी एक्सएल. वंडर वुमन पडद्यावर उडी घेते तेव्हाचा तो इलेक्ट्रिक चेलो, टीना ग्वोने वाजवलेला. आमच्या इथे त्या क्षणाला लोक उभे राहिले होते. झिमरने यानंतर सुपरहिरोंचं काम बंद म्हणून जाहीर केलं होतं, मग तीन वर्षांत परत आला. नाटकातल्या नटांसारखी निवृत्ती.

मृण्मयी कॉमिक्सवाली | ९ फेब्रुवारी, रात्री ८:५०

ती उडी या सिनेमाची खरी कमाई. गॅल गडॉटचं नाव जाहीर झालं तेव्हा 'फार बारीक आहे' म्हणून ओरडणारे सगळे तिथे गप्प. डूम्सडे तिला फेकतो आणि ती जमिनीवरून उठताना किंचित हसते. अख्ख्या सिनेमात मारामारीची मजा घेणारी ती एकटीच! पुढच्या वर्षी तिच्या स्वतंत्र सिनेमाने ८२ कोटी केले, ते या हसण्यावर.

पण त्याच सिनेमात ती लॅपटॉप उघडून बाकीच्या नायकांचे व्हिडिओ बघत बसते, कुणीतरी त्यांची चिन्हंसुद्धा आधीच काढून ठेवलेली. लेक्स लूथर ग्राफिक डिझायनर आहे हे मला तिथे कळलं.

कातरवाला | ९ फेब्रुवारी, रात्री ९:३०

त्या सीनवर माझा आणि तुमचा तंटा नाही. क्लायमॅक्सच्या तोंडावर, दोन नायक भिडायच्या आधी, ईमेल उघडून तीन ट्रेलर दाखवायचे? हा सीन दोन्ही आवृत्त्यांत आहे. किराणा कापला, हा ठेवला.

सांगलीची हळद | ९ फेब्रुवारी, रात्री ९:५५

मला मागच्या जुलैतला जेम्स गनचा 'सुपरमॅन' आवडला. शहरात राक्षस धिंगाणा घालतोय आणि हा मधेच एक खारूताई उचलून बाजूला ठेवतो. माझा पुतण्या टाळ्या पिटत होता. त्याला 'चांगला कोण' विचारावं लागलं नाही.

कातरवाला | ९ फेब्रुवारी, रात्री १०:०८

खारूताई मलाही आवडली. पण गनच्या सिनेमातसुद्धा सुपरमॅनने दुसऱ्या देशाच्या युद्धात परवानगीशिवाय उडी घ्यावी का, यावरून लोक त्याच्यावर उलटतात, आणि त्यामागे लेक्सचाच हात. हा प्रश्न सिनेटर फिंचने २०१६ मध्ये विचारला होता. गनने तो हसत विचारला, स्नायडरने कपाळाला आठ्या घालून.

बापूकाका दादरवाले | १० फेब्रुवारी, पहाटे ५:५५

आठ्यांचं तिकीट काढून कोण जातं, कातरवाले? पण लेख आवडला हो.

पहिलटकरीण | १० फेब्रुवारी, सकाळी ९:२०

मी यातलं काहीच पाहिलेलं नाही. एवढं वाचून बघावंसं वाटतंय. सुरुवात कुठून करू?

मृण्मयी कॉमिक्सवाली | १० फेब्रुवारी, सकाळी ९:४१

'मॅन ऑफ स्टील', मग थेट १८२ मिनिटांची. थिएटरवाल्या आवृत्तीच्या वाटेला जाऊ नका.

कातरवाला | १० फेब्रुवारी, सकाळी १०:०२

मी उलट सांगेन. आधी छोटी लावा आणि कॅपिटॉलच्या स्फोटापर्यंत बघा. आगीत सुपरमॅन नुसता उभा राहतो आणि पुढच्या शॉटला गायब. तिथे बंद करा. मग मोठी पहिल्यापासून. त्याच स्फोटानंतर तो जखमींना उचलून बाहेर आणताना दिसेल. काही सेकंदांचा तुकडा आहे, पण सुपरमॅनबद्दलचं मत तिथे बदलतं.

सांगलीची हळद | १० फेब्रुवारी, सकाळी १०:१०

म्हणजे दीड तास छोटी, वर तीन तास मोठी, आणि आधीचा 'मॅन ऑफ स्टील' वेगळाच. ताई, मार्चएंड आहे पुढे, रजा आत्ताच टाकून ठेवा.